राग चारलेली बिअर

साल्मेच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. कुणी विचारलं तर ती सांगायची, लहानपणी गोवर आला होता. गोवर आला होता हे खरं आहे, पण कान गेला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, तीनशे लिटर बिअरपायी. सारेमा बेटावरच्या त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही सगळे गोवराचीच चौकशी करायचे. माणसं भली असली की अशीच वागतात.

बिअर तिच्या माहेरची. तिचा बाप प्रीदू साठ लिटरच्या लाकडी पिंपात बिअर करायचा. पिंपाच्या तळाला जुनिपर या उग्र वासाच्या झुडपाच्या फांद्या, त्यावर मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले जव, त्यावर कढत पाणी. खालच्या तोटीतून गोड, तपकिरी रस गळायचा. त्यात हॉप्सच्या फुलांचा काढा ओतायचा आणि रस धारेच्या दुधाइतका कोमट झाला की विरजण घालायचं. मागच्या बिअरच्या तळाचं हे विरजण काचेच्या बरणीत, दोरीला बांधून, विहिरीत पाण्याच्या वर टांगलेलं असायचं. साल्मेच्या आजीच्याही आधीपासूनचं होतं ते.

विरजण घालताना घरात भांडण व्हायलाच हवं, अशी त्या गावची रीत. शांत घरातली बिअर आळशी निघते, म्हणायचे. तिला राग चारावा लागतो. म्हणून प्रीदू विरजण ओतायचा आणि साल्मेची आई पिंपाच्या दुसऱ्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"अरे दलदलीतल्या बेडका!" ती ओरडायची. "तुझ्या आईने तुला चिखलात घातला आणि तिथंच विसरली!"

"खारवलेल्या हेरिंग मासळीच्या शेपटे!" बाप ओरडायचा. "तुला मांजरसुद्धा खाईना, म्हणून माझ्या गळ्यात पडलीस!"

शेजारची कुत्री भुंकेपर्यंत हे चालायचं. मग आई आपला एप्रन सोडून पिंपावर टाकायची आणि दोघं पोट धरधरून हसायची. लहानग्या साल्मेला वाटायचं, नवराबायकोचं भांडण म्हणजे हेच. तिची काय चूक? तिने दुसरं पाहिलंच नव्हतं.

बापाने तिला आणखी एक गोष्ट शिकवली, पिंपाला कान लावायची. आधी आत नुसता गलका असतो. मग मुंग्या चालल्यागत बारीक सरसर उरते. त्या वेळी बूच मारायचं, पण मऊ लाकडाचं आणि हलक्या हाताने. "लाकूड फटीफटीतून श्वास सोडतं," प्रीदू सांगायचा. "तरीही एखाद्या बिअरचा राग अनावर झालाच, तर बूच उडावं. पिंप फुटता कामा नये. घरात रागाला बाहेर पडायला एक भोक ठेवावं, पोरी."

एल्मार हा सामुदायिक शेतावरचा ट्रॅक्टरवाला. खांद्याने रुंद, हसरा, नाचताना जमीन हादरवणारा. साल्मे एकवीस वर्षांची असताना त्याच्या घरी आली, ती साठ लिटरचं पिंप आणि विहिरीतली बरणी घेऊन. पहिली बिअर त्यांनी संत योहानाच्या सणाला केली. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. एल्मारने विरजण ओतलं आणि शिव्या सुरू झाल्या. आता शिव्यांच्या कामात साल्मेचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आईचीच लेक ती. तिने नवऱ्याच्या नाकापासून ट्रॅक्टरपर्यंत एकेक गोष्ट अशी काही धुऊन काढली की लोक कुंपणाला धरून हसायला लागले. एल्मारला उत्तर सुचेना. त्याचे कान लाल झाले आणि त्याने तिच्या थोबाडीत दिली.

मग कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसत होते म्हणून साल्मेही हसली.

ती बिअर मात्र फार सुरेख उतरली. दोन पेल्यांत म्हातारी माणसं गाऊ लागली. "बघितलंस?" एल्मार रात्री म्हणाला. "नुसत्या शिव्यांनी तिचं पोट भरत नाही."

तेव्हापासून ती त्या घरची रीत झाली. एरवी तो बायकोवर हात टाकायचा नाही, असं सांगणारे लोक अजून भेटतात. ते खोटं आहे. एरवीही टाकायचाच. बिअरच्या दिवशी त्याला रीत म्हणायची सोय होती, एवढंच.

आणि एल्मारला एक रोग होता, मोठं करण्याचा. साठ लिटरने त्याचं समाधान होईना. गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, प्रत्येक मयत एल्मारच्या बिअरवर व्हावी, हा त्याचा ध्यास. पहिल्यांदा त्याने ट्रॅक्टरच्या आवारातून दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आणला. त्यात आधी डिझेल होतं. साल्मेने तो वाळूने आणि राखेने तीन दिवस घासला, पण डिझेल कुठलं जातंय? दूधकेंद्र सांभाळणारा शेजारी फेलिक्स, त्याच्या पन्नाशीला ती बिअर दिली आणि सबंध गाव रात्रभर जुनिपरच्या झुडपांआड बसून होतं. "वास लपवायला जुनिपर बरा," फेलिक्स पुढे कित्येक वर्षं म्हणायचा. एल्मारलाही हसू यायचं. पण त्या सकाळी त्याला हसू आलं नव्हतं. त्याने साल्मेला ड्रमपाशी नेलं, मानेला धरून तिचं तोंड आत घातलं आणि "घे वास, घे," म्हणत ड्रमच्या कडेवर तिचं कपाळ आपटलं. ती खूण पुढे केसांखाली राहिली.

मग आला गुरांचं खाणं शिजवायचा हंडा, तीनशे लिटरचा. एवढे जव एकदम भिजवले की खाली त्यांचा चिखल बसायचा आणि तोटीतून थेंब पडायचा नाही. एल्मार हंड्याला लाथा घालत राहिला. तोड काढली साल्मेने: तळाशी मुठीएवढे गोटे, त्यावर जुनिपरच्या आडव्या फांद्या, त्यावर उभ्या, आणि जव हळूहळू, हाताने पसरत. रस वाहू लागला. एल्मारने लोकांना सांगितलं, मी शोधून काढलं. सांगू दे. तिला त्याचं काही नव्हतं. पण विरजणाच्या वेळी तो म्हणाला, भांडं पाचपट, तर रागही पाचपट हवा. आणि त्याने जव ढवळायची वल्ह्याएवढी लाकडी डाव उचलली.

कान तेव्हा गेला.

त्या बिअरवर दोन दिवस लग्न चाललं. "एल्मार, यंदा काय चारलंस रे हिला?" लोक पेले उंचावून विचारायचे आणि एल्मार डोळा मारायचा. कानात कापूस घालून साल्मे पेले भरत फिरत होती. गाव पीत होतं आणि गावाला माहीत होतं. मला त्या गावाचा राग येतो तो इथे.

पुढे बेट ज्यात होतं ते संघराज्य मोडलं आणि सामुदायिक शेतही मोडलं. मोडलं म्हणजे खरोखरच मोडलं. लोक पहारी घेऊन गेले आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उखडलं. कुणी कौलं नेली, कुणी गोठ्याच्या खिडक्या. एल्मारचा डोळा दूधकेंद्रातल्या टाकीवर होता. आठशे लिटरची, न गंजणाऱ्या चकचकीत पोलादाची, आडव्या पोटाची टाकी. शेजारच्या गावचे दोघे भाऊ आधीच तिचे पाय कापत बसले होते. एल्मारने पहार उचलली आणि मोठ्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज फेलिक्सने बाहेर ऐकला. धाकटा करवत घेऊन अंगावर आला, तर एल्मारने ती करवत उघड्या हाताने धरली, रक्ताने माखलेल्या त्याच हाताने त्याचं नाक फोडलं आणि टाकीला साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढत घरी नेली. वाटभर दगडी रस्त्यावर टाकीच्या किंचाळ्या ऐकू येत होत्या.

"पिरेतच्या लग्नाची बिअर यात," तो अंगणात म्हणाला. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं आणि चेहरा पोरासारखा फुलला होता. "बेटावर कुणी पाहिली नसेल एवढी."

पिरेत ही त्यांची एकुलती एक लेक, तेवीस वर्षांची, शहरात बालवाडीत शिकवायची. नवरामुलगा तार्वो पलीकडच्या किनाऱ्यावरचा कोळी. लाजरा, लांब हातांचा. बोलायच्या आधी दोनदा गिळायचा. साल्मेला तो आवडला होता. मार खाल्लेल्या बाईला माणसाच्या हातांकडे आधी बघायची सवय लागते आणि तार्वोचे हात तिला गरीब वाटले होते.

टाकीला मूळचं नुसतं पातळ, ठेवायचं झाकण होतं. एल्मारने बोटाएवढ्या जाड पत्र्याचं नवं झाकण कापून घेतलं, फेलिक्सकडून आठ बोल्ट वेल्ड करून घेतले आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा रबरी वायसर बसवला. त्याचा बेत असा, की तेरा-चौदा पिंपांत ओतत बसायचं नाही. बिअर टाकीतच फसफसेल, टाकीतच मुरेल, घट्ट बंद राहिली की शहरातल्यासारखा फेस धरेल आणि लग्नाच्या दिवशी खालच्या तोटीला पेला लावला की झालं.

"लाकूड श्वास सोडतं," साल्मे म्हणाली. "हे कसं सोडेल?"

"दुधाला चालत होती ना? मग बिअरला काय धाड भरलीय?"

"दूध फुगत नाही. झाकणाला एक भोक ठेव. मऊ लाकडाचं बूच मारू. राग फार झाला तर ते उडेल."

फेलिक्सने वेल्डिंगचा चष्मा वर केला. "वहिनी म्हणतात त्यात काहीतरी..."

"तू वेल्डिंग कर," एल्मार म्हणाला. "डिझेल प्यायलेल्या माणसाने बिअरबद्दल बोलू नये."

फेलिक्स हसला आणि त्याने चष्मा खाली घेतला.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी विरजण घालायचं ठरलं. धान्याच्या कोठारात टाकी काठाच्या जरा खालपर्यंत भरलेली, गोड वाफ छपरापर्यंत. वर चढायला शिडी लावली होती. फेलिक्स आणि आणखी पाचसात शेजारी आले होते. एल्मारने बरणीतून वाढवलेल्या विरजणाची बादली तार्वोच्या हातात दिली.

"जावईबापू, यंदा तुझा मान. ओत आणि राग चार."

तार्वोने ओतलं. मग दोनदा गिळून तो पिरेतला म्हणाला, "तू... सडकी मासळी आहेस."

लोक हसले. पिरेत तर तोंडाला रुमाल लावून हसली. "आणि तू भिजलेलं जाळं!"

"ही काय शिवी झाली?" एल्मार गरजला. "याने फेससुद्धा उठायचा नाही. आठशे लिटर आहे, पोरा! हात उचल. या घरची रीत आहे ती."

तार्वोने सासऱ्याकडे पाहिलं, पिरेतकडे पाहिलं.

"नको," साल्मे म्हणाली.

"मार रे एक टपली," पिरेत म्हणाली. "नाहीतर बाबा संध्याकाळपर्यंत सोडायचा नाही."

तार्वोने मारली. टपलीच होती ती, गालावरची माशी उडावी एवढी. कुणीतरी हसलं आणि पिरेतही हसली. साल्मेने ते हसू उजव्या कानाने ऐकलं. ते हसू तिचं स्वतःचं होतं, सव्वीस वर्षांपूर्वीचं.

स्वयंपाकघरात तिने लेकीला गाठलं. "लग्न मोडायचं असेल तर आज मोड. मी तुझ्या बाजूने उभी राहीन."

"आई, वेडी आहेस का तू? टपली होती ती."

"माझीपण टपलीच होती."

"तार्वो म्हणजे बाबा नाही."

"तुझा बाबासुद्धा तेव्हा तुझा बाबा नव्हता," साल्मे म्हणाली.

पिरेतने आईकडे पाहिलं आणि मग ती बटाटे सोलू लागली. एवढं पातळ साल काढत होती की आरपार दिसावं. आपल्या लेकीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढी एकच गोष्ट साल्मेने आयुष्यात मनापासून मागितली होती. आणि आज ती तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच माहेरच्या विरजणासकट, पुढच्या पिढीच्या हातात गेली होती.

आठशे लिटर बिअर साठ लिटरसारखी वागत नाही. पिंप थंडीत आपसूक निवतं. टाकीने स्वतःचीच ऊब धरली आणि दुसऱ्या दिवशी कोठारात चुलीजवळ बसल्यागत वाटू लागलं. साल्मेने ओली पोती टाकीवर घातली, विहिरीचं पाणी शिंपत राहिली. सोमवारी फेस दोन बोटं उतरला. पिंपाच्या रीतीने हीच बूच मारायची वेळ. एल्मारने झाकण बसवलं आणि पान्याला पाइप अडकवून आठही नट करकचून आवळले.

साल्मेने पोलादाला कान लावला. मुंग्या नाहीत, सरसर नाही. दुरून ट्रक यावा तशी नुसती घरघर होती. बुधवारी ती घरघर चढली. गुरुवारी टाकीची सपाट तोंडं पावासारखी फुगली. शुक्रवारी साल्मे जेवणं मांडत असताना कोठारातून टण्णकन आवाज आला आणि अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

"सैल कर," ती एल्मारला म्हणाली. "चार नट तरी सैल कर. आतून मारतेय ती."

एल्मारच्या हातात हेरिंगची थाळी होती. त्याने ती नीट टेबलावर ठेवली आणि उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. ओठ दातावर फाटला. "उद्या माझ्या पोरीचं लग्न आहे," तो म्हणाला. "उद्या एक शब्द जरी बोललीस ना."

शनिवारी चर्चमधून वरात आली. अकॉर्डियनवाला पुढे, दीडशे माणसं मागे. साल्मेने ओठावर पावडर लावली होती. बायकांनी ती पाहिली आणि पिरेतच्या झग्याची तारीफ केली. सगळे कोठारात जमले, प्रत्येकाच्या हातात आपापला लाकडी पेला. घरच्या कर्त्याने पहिला पेला भरायचा. एल्मारने तोटी फिरवली.

काही आलं नाही. एक फुस्कारा, दोन तपकिरी थेंब, आणि बंद. जुनिपरची पानं आणि तळाचा गाळ आतून ठासला गेला होता.

"दूधकेंद्र बंद पडलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. एल्मारचे कान लाल झाले, आणि ते कान साल्मेइतके कुणाच्याच ओळखीचे नव्हते.

त्याने पाना घेतला. तार्वोने काळ्या कोटातच शिडी धरली. एल्मार वर चढला, झाकणावर ओणवा झाला आणि पहिला नट सोडू लागला.

"एल्मार, थांब!" साल्मे दीडशे माणसांसमोर ओरडली. तिचा ओठ पुन्हा फाटला. "वरून नको! तोटीत तार घाल. सगळी सांडली तरी सांडू दे. झाकण तोंडावर येईल तुझ्या!"

पाना हातात घेऊन एल्मार वळला. "मी खाली येतो," तो म्हणाला. "मग बघू कुणाच्या तोंडावर काय येतं ते."

लोक हसले. हो, तेव्हाही हसले.

दुसरा नट निघाला, तिसरा, चौथा. फटीतून शिट्टी वाजू लागली. साल्मेला आणखी एकदा ओरडता आलं असतं. हे तिने नंतर पाद्र्यालाही सांगितलं. ती ओरडली नाही. ती पुढे गेली, दोन्ही हातांनी तार्वोची कॉलर धरली आणि गोठ्यातून वासरू ओढावं तसं त्याला शिडीपासून मागे खेचलं. तो तिच्या अंगावर पडला.

पाचवा नट सुटला आणि उरलेले तीन एकदम तुटले. आवाज एवढा झाला की साल्मेला तो बहिऱ्या कानानेही जाणवला. झाकण एल्मारच्या हनुवटीखाली लागलं आणि त्याला घेऊन वर गेलं. तुळईवर आपटून ते फिरत फिरत खाली आलं आणि जमिनीत रुतलं. एल्मार वेगळा, टाकीच्या पलीकडे पडला. पाठोपाठ बिअरचा खांब छपराला भिडला आणि पांढरा, ऊन फेस सगळ्यांवर कोसळला. माणसं घसरत, एकमेकांना तुडवत दाराकडे धावली. एका बोल्टने अकॉर्डियनवाल्याचा गुडघा फोडला. पिरेत पांढऱ्या झग्यात गुडघ्यावर बसून फेसात हात घालून बापाचं तोंड शोधत होती. तोंड सापडलं, पण त्याचं खालचं अर्धं जागेवर नव्हतं. दवाखान्याची गाडी यायच्या आधी एल्मार संपला.

साल्मे रडली का, असं लोक मला विचारतात. रडली. सव्वीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस होता तो. पिरेतचा पाळणा त्याने स्वतः केला होता, एकही खिळा न मारता. ती रडली आणि मग तिला झोप लागली, सबंध बारा तास. अशी झोप लग्नानंतर तिला पहिल्यांदाच लागली.

लग्नाचे पाहुणे मयतीसाठी थांबले. दफन पुढच्या शनिवारी ठरलं आणि मयतीला घरची बिअर हवीच. साल्मेने माळ्यावरून बापाचं साठ लिटरचं पिंप काढलं. इतकी वर्षं सुकून त्याच्या फळ्या विलग झाल्या होत्या. तिने ते दिवसभर तळ्यात बुडवून ठेवलं. लाकूड फुगलं आणि फटी मिटल्या. विहिरीतून बरणी वर ओढली. गोटे, जुनिपर, जव, कढत पाणी. तिचे हात आपसूक चालत होते.

मंगळवारी दुपारी रस कोमट झाला. अंगणात फेलिक्स होता, तेच पाचसात शेजारी होते. पिरेत काळ्या कपड्यांत पिंपापाशी उभी होती आणि तार्वो तिच्याशेजारी. साल्मेने एका हातात विरजणाची बादली घेतली. दुसऱ्या हातात ढवळायची डाव होती, तीच, वल्ह्याएवढी.

"वहिनी," फेलिक्स टोपी चुरगाळत म्हणाला, "आता राग कोण चारणार?"

मग तार्वो पुढे आला. त्याने एकदाच गिळलं. "घरातला पुरुष आता मीच," तो म्हणाला आणि पिरेतकडे वळला. या वेळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने उजवा हात वर केला. मागच्यापेक्षा जरा उंच. पिरेतने डोळे मिटले. हसण्यासाठी तिचं तोंड आधीच उघडलं होतं.

साल्मेने बादली खाली ठेवली, डाव दोन्ही हातांत धरली आणि त्या हातावर घातली.

मनगटाचं हाड वाळकी काटकी मोडावी तसं मोडलं. तार्वो गुडघ्यावर आला. ओरडायला त्याला आवाजच सापडेना. मग सापडला आणि शेजारची कुत्री भुंकायला लागली. "आई!" पिरेत किंचाळली. तिने तार्वोला धरलं, साल्मेकडे असं पाहिलं की आता ती अंगावरच येईल. आली नाही.

साल्मेने डाव खाली टाकली, बादली उचलली आणि विरजण ओतलं. "ऊठ," ती पिंपाला म्हणाली. "मिळाला तुला राग. हा शेवटचा." मग ती तार्वोपाशी उकिडवी बसली. "हाड जुळेल. मी स्वतः तुला शहरात घेऊन जाते, वाटेत मला काय वाटेल ते बोल. शिव्या दे. शिव्यांना या घरात ना नाही. पण हा हात पुन्हा तिच्यावर उठला, तर मी दुसरा मोडेन. आणि मी मेले तर पिरेत मोडेल. डाव कुठे असते ते तिला ठाऊक आहे."

तार्वोने पिरेतकडे पाहिलं. पिरेतने डाव उचलली, विहिरीवर नेऊन धुतली आणि भिंतीला उभी करून ठेवली.

मंगळवारी घातलेली बिअर शनिवारी कोवळीच होती, पण उतरली छान. माती देऊन लोक अंगणात परतले. कर्ता पुरुष नव्हता. पिरेतने पहिला पेला भरला. बाकावर प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन तार्वो बसला होता. त्याने पाय आत घेऊन तिला वाट दिली. तो पेला तिने आईच्या हातात दिला.

फेलिक्सने आपला पेला अर्धा रिकामा केला, मिशी पुसली, आणि सवयच ती, त्याच्या तोंडून निघून गेलं. "चढते हो, वहिनी. काय चारलंत हिला?"

सव्वीस वर्षांत या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"जावयाचं मनगट," साल्मे म्हणाली. ती मोठ्याने बोलत होती, एका कानाने बहिरी माणसं बोलतात तशी, कुंपणापर्यंत ऐकू जाईल एवढं. "तुझ्या पन्नाशीच्या बिअरपायी, फेलिक्स, माझं कपाळ फुटलं. तीनशे लिटरला हा कान. पिरेतच्या बारशाला दोन दात. चर्चचं छप्पर दुरुस्त केलं ना, त्या वेळच्या बिअरला बरगडी. सगळं तुम्हीच प्यालात. गोड लागलं ना?"

फेलिक्सने पेला बाकावर ठेवला. मग, मयतीची बिअर टाकून देणं पाप असतं म्हणून, त्याने तो पुन्हा उचलला आणि खाली मान घालून संपवला.